शस्त्रक्रियांचे लॉगबुक

शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरने पाहिलेल्या, साहाय्य केलेल्या आणि स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची त्याने ठेवलेली क्रमवार नोंद. ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर वेगळे. ते रुग्णालयाचे असते आणि तिथेच राहते. लॉगबुक डॉक्टरचे असते आणि एमएसची तीन वर्षे संपल्यावर त्याच्याबरोबर बाहेर पडते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांनुसार अशी वही ठेवणे आणि ती शिक्षकांनी तपासणे बंधनकारक होते. परिषदेच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला आणि २०२३ च्या विनियमांनी ई-लॉगबुक आणले. ते दर आठवड्याला भरायचे असते. भायखळ्याचे ग्रँट (१८४५), परळचे सेठ गो. सुं. (१९२६) यांसारख्या मुंबईतल्या महाविद्यालयांत मात्र पुष्कळ निवासी डॉक्टर या अधिकृत लॉगबुकाशिवाय एक खाजगी डायरी किंवा एक्सेल शीटही ठेवतात. खरे काम तिच्यात सापडते. अधिकृत वही परीक्षेच्या तोंडावर, रजिस्टर समोर घेऊन एका बैठकीत भरल्याची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत.

नोंदीत तारीख, आंतररुग्ण क्रमांक, वय, लिंग, निदान, शस्त्रक्रिया, भुलीचा प्रकार, डॉक्टरची भूमिका आणि पुढे काय झाले एवढे असावे लागते. नमुन्यादाखल : ‘पुरुष, ३४, ड्युओडेनल परफोरेशन, इमर्जन्सी लॅपरोटमी, ग्रॅहम पॅच, जनरल, ए, चौथ्या दिवशी रायल्स ट्यूब काढली, जखमेत पू, बाराव्या दिवशी डिस्चार्ज.’ म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला छिद्र पडले, तातडीने पोट उघडून ते पोटातल्या चरबीच्या पदराने बुजवले, भूल पूर्ण; रायल्स ट्यूब ही नाकातून जठरात घातलेली नळी. यातले ‘ए’ म्हणजे असिस्ट, साहाय्य. नुसती पाहिली तर ‘ओ’, वरिष्ठाच्या मदतीने केली तर ‘पीए’, स्वतंत्रपणे केली तर ‘पीआय’.

वादाचा रकाना हाच. अपेंडिक्सच्या केसमध्ये छेद हाऊसमनने (कनिष्ठ निवासी डॉक्टरने) घेतला, बुडाशी गाठ लेक्चररने मारली, त्वचेचे टाके पुन्हा हाऊसमनने घातले, तर लिहायचे काय? प्रामाणिक उत्तर ‘ए’. वह्यांत ‘पीए’ बरेचदा दिसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनी गुंता वाढवला. डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर हे तंत्र देशात रुजले आणि तासभर कॅमेरा धरून उभे राहणे हेही असिस्ट ठरले. ते काम कमी लेखू नये. पण कॅमेरा धरणाऱ्याला पित्ताशय काढता येते, असा अर्थ कोणी काढू नये.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत इमर्जन्सीच्या दिवशी पाने झपाट्याने भरतात : गळू फोडणे, मधुमेही पायाचे डिब्राइडमेंट (सडलेला भाग कापून काढणे), आतड्याच्या क्षयामुळे झालेले अडथळे, लोकल अपघातात तुटलेले अवयव. नियोजित हर्निया किंवा थायरॉइडसाठी मात्र यादीत आपला नंबर लागावा लागतो. आता सक्तीच्या झालेल्या जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांतली पाने त्यामुळे वेगळी दिसू शकतात.

केवळ आकडा फारसे सांगत नाही. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या प्रशिक्षणार्थीला ८५० मोठ्या शस्त्रक्रियांची नोंद दाखवावी लागते, पण त्या रुग्णांचे पुढे काय झाले हे त्या संख्येवरून कळत नाही. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न लावून धरला. ते प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवत, किमान वर्षभराने निकाल तपासत आणि स्वतःच्या चुका छापून प्रसिद्ध करत. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडले. मुंबईत शेवटचा रकाना रिकामा राहण्याचे कारण अनेकदा साधे असते : टाके निघाले की रुग्ण कोकणात किंवा उत्तर प्रदेशात गावी जातो आणि फॉलोअपला येत नाही. बायोप्सीचा अहवाल उशिरा येतो. तो पॅथॉलॉजीत जाऊन विचारणारा आणि जुन्या नोंदीत लिहिणारा डॉक्टर विरळा. त्याच्याच वहीला संदर्भमूल्य येते.

रुग्णाचे नाव लिहू नये. वही घरी जाते, लोकलमध्ये विसरते, शीट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. बाहेर दाखवायच्या प्रतीतून आंतररुग्ण क्रमांकही काढावा. छायाचित्र ठेवायचे तर रुग्णाची लेखी संमती हवी.

परदेशातल्या फेलोशिपसाठी आणि काही खाजगी रुग्णालयांत शस्त्रक्रियेची परवानगी मिळवताना विभागप्रमुखांच्या सहीचा एकत्रित तक्ता मागितला जातो. प्रमुख बदलले किंवा निवृत्त झाले की जुन्या पानांवर सही मिळवणे जिकिरीचे होते. म्हणून जाणते रजिस्ट्रार (वरिष्ठ निवासी डॉक्टर) प्रत्येक पोस्टिंग संपतानाच बेरीज करून सही घेऊन ठेवतात.