अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी स्ट्रोक बरा होतो का?

फॉरवर्ड असा फिरतो: "लकवा झाला की व्हिटॅमिन ई आणि सी सुरू करा, मेंदूच्या पेशी परत जिवंत होतात."

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच पटतो. मेंदूचं रक्त अडलं आणि मग परत सुरू झालं की फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर, घातक रेणू खूप वाढतात आणि पेशींच्या पडद्यांना इजा करतात, या रॅडिकल्सना आवरायला (हेच काम अँटीऑक्सिडंट करतात, व्हिटॅमिन ई आणि सी त्यातलेच) शरीराकडे ग्लुटाथायोन, कॅटालेजसारखी स्वतःची यंत्रणा असते पण स्ट्रोकमध्ये ती कमी पडते. इथपर्यंत ठीक.

पण त्यावरून "मग बाहेरून गोळी द्या" हे आपोआप सिद्ध होत नाही. एनएक्सवाय-०५९ नावाचं फ्री रॅडिकल्स पकडणारं औषध प्राण्यांमध्ये छान चाललं, 2006 च्या ट्रायलमध्येही थोडी आशा दिसली, आणि 2007 मध्ये 3,000 हून जास्त पेशंटवर करून बघितलं तर प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या खोट्या डोसपेक्षा) काहीच फरक नाही! मेलेली पेशी तर कुठल्याच गोळीने परत येत नाही, सुधारणा होते ती उरलेला मेंदू नव्याने शिकतो म्हणून, त्यासाठी फिजिओथेरपी लागते.

व्हिटॅमिन ई जास्त डोसमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता देऊ नका प्लीज.

असा दावा आला की एवढंच बघा, प्रयोग माणसांवर झालाय का, आणि त्यात फक्त रक्तातला आकडा सुधारला की पेशंट चालायला बोलायला लागला. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर लगेच 108, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.