उशीला बुक्के मारल्याने राग उतरतो का?

"राग आत कोंडू नकोस. उशीला चार बुक्के हाण, मोकळं वाटेल." हा सल्ला आपण ऐकलाय, दिलाही असेल. मन म्हणजे कोंडलेली वाफ, वाट करून दिली की दाब उतरणार, अशी ही समजूत. मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथानंतर ती चांगलीच रुजली.

तपासल्यावर मात्र उलटंच निघालं. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं गेलं. कसं? त्यांच्या निबंधावर जिव्हारी लागेल असा शेरा मारून! मग काहींनी शेरा मारणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काही नुसते शांत बसले. शेवटी जास्त धुमसत होते ते ठोसेवालेच.

ठोसे मारताना छाती धडधडते, श्वास चढतो आणि डोक्यात तोच माणूस, तेच शब्द घोळत राहतात. म्हणजे आगीला वारा घालणंच की! मोकळं वाटतं हे खरं, पण राग तिथेच असतो.

२०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला. धावण्याने उलट वाढलेला दिसला. (तब्येतीसाठी जरूर धावा.)

याचा अर्थ राग गिळून बसा, असा नाही. बोलायचंच, पण धडधड उतरल्यावर. "तू नेहमी असंच करतोस" असं नाही, तर "तू न सांगता बेत बदललास, मला डावलल्यासारखं वाटलं" असं.