गरुडाची गोष्ट सोडा, रांगेचं गणित बघा

परवा परत एकदा ती गरुडाची गोष्ट व्हॉट्सअॅपवर आली. तुम्हालाही आली असणारच. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो, चाळिशीत त्याची चोच वाकडी होते, नखं निकामी होतात, मग तो डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून मोडतो, नवीन चोच आली की तिनं जुनी नखं आणि पिसं उपटतो आणि पुढची तीस वर्षं राजासारखा जगतो. खाली लिहिलेलं असतंय 'बदल स्वीकारा'. आमच्या कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत एखाद्या कंपनीत नवीन ईआरपी (कंपनीचं सगळं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा नवीन मशीन यायचं ठरलं की आधी ट्रेनर येतो आणि प्रोजेक्टरवर हा गरुड.

ही गोष्ट साफ खोटी आहे. रानातला गरुड वीस-तीस वर्षं जगला तरी खूप झालं. चोच म्हणजे आत हाड आणि वरून केराटिनचं आवरण, आपल्या नखात असतं तेच केराटिन, ते आयुष्यभर वाढत आणि झिजत राहतं. चोच मोडलेला गरुड शिकार फाडू शकत नाही, तो उपाशी मरतो. पण मला जास्त खटकतं ते या गोष्टीत लपलेलं गृहीतक, की बदल जमला नाही म्हणजे माणसाच्या मनातच खोट आहे, तो आळशी आहे, कम्फर्ट झोनमध्ये बसलाय. मी प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काम करतो आणि माझं ठाम मत आहे की कामाच्या ठिकाणी बदल फसतो तेव्हा बऱ्याच वेळा मन तयार असतंय, हातात मोकळा वेळ नसतो. आणि हे मत गणितानं तपासता येतं म्हणून हा लेख.

एखाद्या पतसंस्थेचं काउंटर डोळ्यासमोर आणा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मॅडमना निम्म्या गावाचे खाते नंबर पाठ, नंबर टाकला, एंटर, रक्कम, एंटर, पावती. गिऱ्हाईकाशी बोलत बोलत बोटं आपोआप चालायची. मग नवीन सॉफ्टवेअर आलं. आता खाते नंबर लांबलचक, कुणालाच पाठ नाही, म्हणून नावानं शोधायचं, आणि आपल्याकडं 'पाटील' टाकून शोधल्यावर केवढी यादी येणार ते सांगायला नको, मग जन्मतारीख विचारा, मोबाईल नंबर विचारा, मावशींना नंबर आठवत नाही, त्या नातवाला फोन लावतात. त्यात एंटर मारला की पुढचा रकाना येत नाही, अर्धा भरलेला फॉर्मच सबमिट होतो, तिथं टॅब मारायला लागते. मॅडमना हे पहिल्याच दिवशी समजलेलं असतंय, बोटांना समजायला वेळ लागतो. प्रत्येक कामामागं अर्धा-पाऊण मिनिट वाढतं. एवढंच.

आता गणित. समजा आधी एका माणसाचं काम सरासरी ५ मिनिटांत व्हायचं आणि काउंटरवर ८० टक्के लोड होता, म्हणजे तासातली ४८ मिनिटं मॅडम कामात आणि १२ मिनिटं मोकळ्या. रांगेत सरासरी किती वेळ थांबावं लागेल याचं एक सोपं सूत्र आहे, लोडला (१ वजा लोड) नं भागायचं आणि एका कामाच्या वेळेनं गुणायचं. ०.८ भागिले ०.२ म्हणजे ४, गुणिले ५, म्हणजे २० मिनिटं. ठीक आहे, लोक तेवढं थांबतात. आता नवीन सॉफ्टवेअरमुळं काम साडेबारा टक्क्यांनी हळू झालं, ५ मिनिटांचं साधारण ५ मिनिटं ३८ सेकंद झालं. येणारी माणसं तेवढीच, त्यामुळं लोड ९० टक्के. ०.९ भागिले ०.१ म्हणजे ९, गुणिले ५.६२५, म्हणजे जवळजवळ ५१ मिनिटं! कामाला अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागलं आणि रांगेतलं थांबणं २० वरून ५१ मिनिटांवर गेलं. काम जर सव्वासहा मिनिटांवर गेलं तर लोड बरोबर १०० टक्के, खाली शून्य येतो, रांग संपतच नाही, नुसती वाढत जाते.

असं का होतं हे मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडतं. सकाळी साडेदहाला काउंटर दहा मिनिटं रिकामं गेलं, तर ती दहा मिनिटं बारा वाजताच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. गर्दीचं कर्ज मात्र साठतं. बाराला सहा माणसं एकदम आली की ती रांग फेडायला नंतरची मोकळी मिनिटंच लागतात, आणि लोड ९० टक्के असेल तर तासाला अशी सहाच मिनिटं हातात, मग बाराची रांग दोन वाजेपर्यंत चालते आणि तोवर दोनची गर्दी आलेली असते. मोकळा वेळ निम्मा झाला की थांबणं दुपटीच्याही वर जातं. म्हणून मॅनेजरला वाटतं स्टाफनं मुद्दाम काम हळू केलंय, गिऱ्हाईकाला वाटतं मॅडमना येत नाही, मॅडमना वाटतं आपण म्हातारे झालो, आणि तिघांच्याही डोक्यात न आलेली गोष्ट म्हणजे तो भागाकार.

हे शास्त्र सुरू केलं अग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश माणसानं, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना, त्याचा पहिला पेपर १९०९ चा. किती ऑपरेटर ठेवले म्हणजे फोन करणाऱ्याला फार थांबावं लागणार नाही हा त्याचा प्रश्न. टेलिफोनवरचा लोड मोजायच्या एककाला आजही एर्लांगच म्हणतात. वरच्या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय, माणसं आपापल्या मर्जीनं येतात आणि कुणाचं काम २ मिनिटांचं तर कुणाचं १५ मिनिटांचं असतं. सगळ्यांचं काम घड्याळ लावून सारख्याच वेळेचं असेल तर थांबणं निम्म्यावर येतं, आणि कामाच्या वेळेतला चढउतार वाढेल तसं थांबणं त्या चढउताराच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं, म्हणजे प्रमाण विचलन (कामाच्या वेळा सरासरीपासून साधारण किती लांब जातात तो आकडा) भागिले सरासरी, त्याचा वर्ग, अधिक १, भागिले २, एवढ्या पटीनं. नवीन सिस्टीममध्ये नेमका हा चढउतारच वाढतो, नऊ कामं नीट होतात आणि दहावं अर्धा तास अडकून बसतं, म्हणून प्रत्यक्षात ५१ मिनिटांपेक्षाही वाईट अवस्था होते.

आणि हे किती दिवस चालणार? ट्रेनर सांगतात २१ दिवसांत सवय लागते. या आकड्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज पाणी पिणं, फळ खाणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज. जुनी सवय मोडून नवीन लावायची तर आणखी अवघड.

इथं मुहूर्ताबद्दल बोलायलाच पाहिजे. खंडेनवमीला मशीनला हार घाला, पूजा करा, त्यात कामगारांचा आनंद असतो आणि मलाही तो दिवस आवडतो. पण व्हीएमसीला (धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनला) लिंबू-मिरची बांधून टूल तुटायचं थांबत नाही, आणि नवीन सॉफ्टवेअर पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं तर जरा कॅलेंडर बघा. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. मार्च एंडला लोड आधीच वाढलेला असतो, समजा ९५ टक्के धरला तर ०.९५ भागिले ०.०५ म्हणजे १९, आणि त्यावर नवीन सिस्टीमचं ओझं. असला मुहूर्त कुणाच्याच भल्याचा नाही.

आता दुसरी बाजू, काम वाटायची पद्धत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला मागांचा आवाज ओळखीचा, म्हणून उदाहरण मागाचंच देतो. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलनं ऑटोमॅटिक माग बसवले होते पण उत्पादन अपेक्षेएवढं वाढत नव्हतं आणि कापडात दोषही जास्त. शेडमध्ये २२४ माग, २९ माणसं, आणि कामाचे प्रकार १२! एका विणकराकडं २४ किंवा ३२ माग, मागात कांड्या भरणाऱ्याकडं ४० किंवा ५०, खूप धागे एकदम तुटले तर ते जोडणाऱ्याकडं सरासरी ७५, मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरकडं ११२, ऑइलवाला आणि झाडूवाला सगळ्या २२४ ला. कागदावर प्रत्येकाचा लोड एकदम नीट बसवलेला. पण बघा, माझ्या मागाचे धागे तुटले, ते जोडणारा मात्र दुसऱ्याच विणकराच्या मागावर अडकलाय, मी थांबलोय, माझ्या कांड्या भरणारा तिसऱ्याच्या रांगेत आहे. प्रत्येकाची हद्द वेगळी, म्हणून कोण कुणाच्या टीममध्ये हेच ठरत नव्हतं. माग मोकळा, माणूसही मोकळा, पण दोघांची गाठ पडत नव्हती.

राइसनी सुचवलं की ६४ मागांना ७ माणसांचा एक गट करा आणि त्या मागांचं सगळं काम त्या गटाचं. कामगारांनी आणि सुपरवायझरनी ती कल्पना लगेच उचलली आणि गट स्वतःच पाडले. सुरुवातीला काम वाढलं, मग जरा घसरलं, थोडे फेरफार केल्यावर उत्पादन आधीपेक्षा वरच्या पातळीवर स्थिरावलं आणि खराब कापडही कमी झालं. माग तेच होते.

यातला रांगेचा भाग आपल्या काउंटरवर लावून बघा. दोन काउंटर, एक ठेवीचं, एक कर्जाचं, दोन्हीवर ९० टक्के लोड, दोन्हीकडं ५१ मिनिटं. दोघींनाही दोन्ही कामं शिकवली आणि रांग एकच केली तर सूत्रात लोडच्या जागी लोडचा वर्ग येतो, ०.८१ भागिले ०.१९, थांबणं ५१ वरून २४ मिनिटांवर. सॉफ्टवेअर तेवढंच हळू, माणसं तेवढीच.

पीस रेटवर काम असेल तर आणखी एक गोष्ट येते, आणि इचलकरंजीत मीटरवर मजुरी घेणाऱ्याला ती सांगायला नको. नवीन पद्धत शिकताना वेग पडतो तेव्हा पगार कुणाचा पडतो? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पायजम्याच्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी हेच तपासलं, १९४८ मध्ये छापलं. तिथंही पीस रेटच होता. ज्या गटाला बदल नुसता सांगितला गेला त्यातल्या १७ टक्के कामगारांनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली आणि उरलेल्यांचा वेग पडला तो पडलाच. ज्यांना बरोबर घेऊन नवीन पद्धत आणि नवीन रेट ठरवला, त्यांच्यातला एकही सोडून गेला नाही आणि त्यांचा वेग लवकरच आधीच्याही पुढं गेला. माणसं तसलीच, कारखाना तोच, म्हणजे 'स्वभावतःच विरोध' हे कारण पुरत नाही.

आपल्या साखर कारखान्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही. गळीत हंगामात ऊस गाड्यांची रांग लागलेली असताना कुणी मिल बदलायला घेत नाही, मोठं काम ऑफ सीझनलाच. कारखान्याच्या शेतकी ऑफिसमध्ये नवीन सॉफ्टवेअर आणताना मात्र तोच विचार का करत नाहीत मला कळत नाही, तिथंही रांगच असते, फक्त फायलींची.

ज्यांच्याकडं पुढच्या काही महिन्यांत नवीन काहीतरी येणार आहे त्यांनी आधी आपला लोड मोजावा, त्याला एक वही पुरते. १९३० च्या दशकात टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं इंग्लंडच्या कापड गिरण्यांसाठी ही पद्धत काढली: दिवसभरात कधीही, ठरावीक वेळ न पाळता, काउंटरकडं किंवा मशीनकडं नजर टाकायची आणि कामात की मोकळं एवढीच टिक करायची. दोन आठवड्यांत दोन-तीनशे टिका होतील, त्यातल्या शेकडा जितक्या 'कामात' तेवढा तुमचा लोड. रोज चहाच्या वेळीच बघितलं तर आकडा खोटा येणार, म्हणून वेळा चिठ्ठ्या टाकून काढा. आकडा ८५ च्या वर आला तर तारीख पुढं ढकला, नाहीतर तीन-चार महिन्यांसाठी जादा माणूस घ्या, आणि ज्यांना ते वापरायचंय त्यांनाच विचारा की एंटर मारल्यावर पुढचा रकाना यावा का.