ग्वाल्हेर परिसराचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण व स्थलनिर्देशक नकाशे

भारतीय उपखंडाची जमीन सरकारी खात्यांनी दोन अंगांनी मोजली : वरचे चढउतार आणि पोटातले खडक. पहिले काम भारतीय सर्वेक्षण खात्याचे (स्थापना 1767, मुख्यालय देहरादून), दुसरे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे (स्थापना 1851, मुख्यालय कोलकाता). ग्वाल्हेरला दोन्ही कामांत महत्त्वाचे स्थान आहे. उपखंडाच्या मोजणीचा कणा या मुलखाजवळून गेला आणि इथल्या खडकांना भूविज्ञानात शहराचेच नाव मिळाले.

ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ आधाररेषेच्या मोजणीस सुरुवात केली. एका रेषेची लांबी अत्यंत काटेकोरपणे मोजायची, तिच्या टोकांवरून दूरच्या बिंदूचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे, अशी ही पद्धत. मधले अंतर गणिताने निघते. जमिनीवर पुन्हा मोजणीची साखळी अंथरायची ती पडताळ्यापुरती. लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाट येथे वारले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1824-25 मध्ये सिरोंज (आज विदिशा जिल्हा) येथे पडताळ्याची आधाररेषा मोजली. साखळीवर त्यांचे समाधान नव्हते. उष्णतेने लांबी बदलणार नाही अशा, दोन धातू जोडून केलेल्या दांड्यांनी तीच रेषा 1837-38 मध्ये पुन्हा मोजण्यात आली. सिरोंजजवळची कल्याणपूरची टेकडी पुढे भारतीय नकाशांच्या अक्षांश-रेखांशांचा मूळ बिंदू ठरली आणि शतकाहून अधिक काळ देशातले प्रत्येक गाव तिच्या आधाराने कागदावर बसत राहिले. एवढे मोठे स्थान असलेली ही टेकडी शालेय पुस्तकांत क्वचितच भेटते, ही खंतावण्याजोगी गोष्ट आहे.

कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा त्रिकोणांच्या या दक्षिणोत्तर मालिकेचा सुमारे 2,400 किमी.चा महाचाप साधारण 78° पूर्व रेखावृत्ताला धरून आहे. ग्वाल्हेरचा किल्ला त्या रेखावृत्ताच्या पूर्वेस सुमारे 17 किमी.वर येतो. दक्षिणेकडे डोंगरमाथे आयते मिळत होते; उत्तरेकडच्या मैदानात तशी सोय नव्हती. तिथे पक्के मनोरे बांधावे लागले आणि धुळीमुळे दिवसा नजर पोहोचेना तेव्हा रात्री दिवे लावून कोन घ्यावे लागले. मोजणीची अवजड उपकरणे वाहणारे, झाडे तोडून वाट मोकळी करणारे आणि दिवे सांभाळणारे खलाशी (सर्वेक्षणातले मजूर) बहुतेक अनामिकच राहिले. या कामाचे श्रेय देताना त्यांना वगळता येणार नाही.

त्रिकोणांच्या या सांगाड्यावर गाव, ओढा, टेकडी भरून स्थलनिर्देशक नकाशे करण्याचे काम नंतरचे. संस्थानी मुलखासाठी 1860 च्या दशकात ग्वाल्हेर व मध्य भारताच्या सर्वेक्षणाची स्वतंत्र तुकडी काम करीत होती. विसाव्या शतकात रूढ झालेल्या क्रमांकपद्धतीत ग्वाल्हेरचा एक अंशी तक्ता (एक अंश लांबी-रुंदीचा नकाशा) 54 जे हा आहे. त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग पडतात. शहराचे लष्कर व मुरार हे भाग आणि किल्ला 54 जे/4 मध्ये येतात. पण 26° 15' उत्तर अक्षवृत्त ओलांडले, की महाराजपूरच्या विमानतळासाठी 54 जे/3 उघडावा लागतो. नव्या यूटीएम प्रक्षेपणातही (गोल पृथ्वी सहा-सहा अंशांच्या क्षेत्रांत सपाट मांडण्याच्या पद्धतीत) 78° रेखावृत्त हीच 43 आणि 44 या क्षेत्रांची सीमा असल्याने शहर एका क्षेत्रात आणि पश्चिमेकडचे डोंगर दुसऱ्यात जातात. या भागात सलग काम करणाऱ्याला तक्ते जोडून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

भूवैज्ञानिकाचे काम याच तक्त्यावर सुरू होते. समोच्च रेषा आणि ओढे दाखवणारा कागद हाती नसेल, तर खडकाची सीमा नेमकी कोठे काढायची हा प्रश्न सुटत नाही. कोळशाच्या शोधासाठी उभ्या राहिलेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला त्याचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी पद्धतशीर नकाशांची शिस्त लावली. दृश्यांश (जमिनीवर उघडा पडलेला खडक) गाठायचा, हातोड्याने ताजा तुकडा फोडायचा, होकायंत्र आणि नतिमापक लावून थर कोणत्या दिशेला किती कलला आहे ते टिपायचे, मग पुढचा दृश्यांश. मध्ये माती किंवा शेत असेल तिथे सीमारेषा तुटक काढतात. तुटक रेषा म्हणजे अनुमान. भूवैज्ञानिक नकाशाचा प्रामाणिकपणा तिच्यात दिसतो.

ग्वाल्हेर शैलसमूह बुंदेलखंडच्या ग्रॅनाइटवर बसलेला आहे. त्याचे दोन भाग : खाली वालुकाश्मप्रधान ‘पार’ आणि वर ‘मुरार’. मुरारमध्ये शेल, चुनखडक, लोहयुक्त पट्टेदार जॅस्पर (गारेसारखा कठीण खडक) आणि त्यांत घुसलेले काळे अग्निज खडक आहेत. वय सुमारे 180 ते 190 कोटी वर्षे मानले जाते. इतके जुने असूनही हे थर फारसे रूपांतरित झालेले नाहीत. बऱ्याच ठिकाणी जवळजवळ आडवे, उत्तरेकडे किंचित कललेले दिसतात. लालसर जॅस्परचा तुकडा हातात घेतला, तर बोटभर जाडीत गडद-फिकट पट्टे एकाआड एक मोजता येतात.

किल्ल्याचा खडक मात्र या समूहाचा नाही. किल्ला ज्यावर उभा आहे त्या गोपाचल टेकडीचा कडा विंध्य वालुकाश्माचा आहे. ग्वाल्हेर समूहाचे थर साचून झिजल्यावर, मध्ये कोट्यवधी वर्षांचा खंड पडून तो वर साचला. हा वालुकाश्म एकसंध आणि कोरायला सुकर. म्हणूनच तोमरकालीन जैन शिल्पकारांना सरळ कड्यातच उत्तुंग मूर्ती घडवता आल्या. किल्ल्याचा इतिहास सांगताना तट आणि लढायांइतकीच या दगडाची दखल घेतली पाहिजे. फिकट रंगाचा दगड आजही ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने बाजारात जातो.

2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची वेगळी नकाशामालिका सुरू केली आणि फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे व मोजणीची माहिती वापरणे बरेच मोकळे केले. भूवैज्ञानिक नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. ग्वाल्हेरमधील महाराज बाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संग्रहालय असून त्याचे उद्घाटन डिसेंबर 2024 मध्ये झाले. जीवाजी विद्यापीठातही या विषयाचे अध्यापन होते.