गिटारीवरचं नाव कुठून आलं

गाणं संपलं की अमेरिकन कंट्री गायक जिमी रॉजर्स गिटार उलटी करून तिची पाठ प्रेक्षकांना दाखवायचा. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘थँक्स’. अमेरिकेतल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीने 1928 साली ही गिटार त्याच्यासाठी बनवली. फ्रेटबोर्डवर, म्हणजे गळ्यावरच्या पडद्यांच्या पट्टीवर, शिंपल्याच्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव आणि वर खुंट्यांच्या माथ्यावर ‘ब्लू योडेल’, म्हणजे ज्या गाण्याने त्याला नाव मिळवून दिलं त्याचं नाव. आज कुणी कारागिराला सांगतं, ‘बाराव्या पडद्यावर आजीच्या परसातली अबोली हवी,’ तेव्हा त्या हौसेचं मूळ बऱ्याच अंशी इथे सापडतं.

सजवलेल्या गिटारी त्याआधी नव्हत्या असं अजिबात नाही. सतराव्या शतकात व्हेनिसचा मातेओ सेलास, पॅरिसचं वोबोआम घराणं आणि हॅम्बुर्गचा योआखिम टीलके यांनी हस्तिदंत, आबनूस आणि कासवाची पाठ वापरून असं काम केलं की वाद्य वाजवायचं की नुसतं बघत बसायचं, असा प्रश्न पडावा. मधल्या भोकावरही चर्मपत्र कापून, थरावर थर देऊन केलेली जाळी असे. पण ही नक्षी बहुतेक वेळा ठरलेल्या धाटणीची: वेलबुट्ट्या, पट्टे, चौकटी. तिच्यातून मालकाची ऐपत कळते, माणूस फारसा कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या गिटार घडवणाऱ्या कारागिराने एक अफलातून प्रयोग केला. 1862 मध्ये त्याने पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. पुढची फळी मात्र नेहमीसारखी लाकडाची, आतून पंख्यासारख्या पट्ट्या लावलेली. त्याला दाखवून द्यायचं होतं की गिटारीचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो. आपल्याकडचे सतारकार हिला तबली म्हणतात. ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि मोकळेपणाने थरथरली तरच वाद्य बोलतं. तिच्या मधोमध चित्र जडवलं की वजन वाढतं आणि लाकूडही कापलं जातं.

माझ्या मते सजावटीचा खरा नकाशा इथेच आखला गेला. तबलीवर काम करायचं तर कडेकडेने किंवा भोकाभोवतीच्या वर्तुळात. मोकळा हात चालवायचा तो माथा, फ्रेटबोर्ड, पिकगार्ड (तारा छेडायच्या पिकचे ओरखडे तबलीला पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) आणि पाठ यांवर. (मिरजेच्या तंबोऱ्यावरही पानंफुलं भोपळ्यावर, गळ्याशी आणि तबलीच्या काठानेच जास्त दिसतात.) रॉजर्सचं नाव फ्रेटबोर्डवर आणि आभार पाठीवर गेले, ते या नकाशाला धरूनच.

रॉजर्स 1933 च्या मे महिन्यात क्षयाने गेला. त्याच वर्षी त्याचा चाहता आणि पुढे चित्रपटांतला गाणारा काउबॉय म्हणून गाजलेला जीन ऑट्री याने मार्टिनकडे मागणी नोंदवली: कंपनीची सर्वांत मोठ्या अंगाची ड्रेडनॉट गिटार, तिला सर्वांत भारी 45 श्रेणीचा शिंपल्याचा साज आणि फ्रेटबोर्डवर वळणदार अक्षरांत आपलं नाव. ही पहिली डी-45. गाणारा मंचावर लांब उभा असतो. झगमगता शिंपला शेवटच्या रांगेलाही दिसतो, हा त्यातला व्यवहार. 1942 पर्यंत अशा फक्त 91 गिटारी झाल्या. एका गायकाच्या हौसेतून कंपनीचा सर्वांत मानाचा नमुना जन्माला आला.

पण हेच नाव बाजारातही आलं. सीअर्स या अमेरिकेतल्या विक्रेत्या कंपनीने ऑट्रीच्या नावाच्या स्वस्त गिटारी विकल्या. त्यांच्या तबलीवर साच्याने रंगवलेली काउबॉयची चित्रं असत. रंगाचा पातळ थर आवाजाला शिंपल्याइतका आड येत नाही आणि खर्चही नगण्य. वैयक्तिक खूण हजारो घरांत पोचली आणि वैयक्तिक राहिली नाही.

पैसे न मोजता गिटार आपलीशी करणारेही होते. लोकगीतं गाणाऱ्या वूडी गथ्रीने आपल्या गिटारीवर ‘हे यंत्र फॅसिस्टांना मारतं’ असं लिहिलं. कंट्री गायक विली नेल्सनने 1969 मध्ये घेतलेली मार्टिन एन-20 ही नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची गिटार, म्हणून तिला पिकगार्ड नाही. वर्षानुवर्षं पिकने घासून तबलीला भोक पडलं आणि मित्र-सहकाऱ्यांच्या शंभरावर सह्या तिच्यावर कोरल्या गेल्या. तबलीला हात लावू नये, हा नियम त्याने सरळ धाब्यावर बसवला आणि गिटार अजून वाजते आहे.

मागणीनुसार गोष्ट सांगणाऱ्या जडावकामाला कलेचा दर्जा मिळाला तो 1970 नंतर. कॅनडातल्या टोरांटोच्या विल्यम ‘ग्रिट’ लास्किनने जाँ लारिव्हे या गिटारकाराच्या हाताखाली काम शिकून गिऱ्हाइकाच्या आयुष्यातले प्रसंग, माणसं, प्राणी गिटारीच्या गळ्यावर आणि माथ्यावर उतरवले. असं काम जवळून बघण्यासारखं असतं. साधारण मिलिमीटरभर जाडीच्या शिंपल्याचे तुकडे सोनाराच्या बारीक करवतीने कापायचे, आबनुसात त्याच आकाराचा खळगा करायचा, आबनुसाचाच भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने तुकडा बसवायचा आणि घासून सपाट करायचा. मग बारीक टोकाने रेषा कोरून त्यांत काळा रंग भरला की डोळे, केस, कपड्यांच्या चुण्या उमटतात. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला घातक, त्यामुळे हे काम मुखपट्टी लावूनच करायचं. खरी अडचण वेगळीच: चित्राच्या मधून फ्रेटची, म्हणजे पडद्याची, तार आरपार जाते. चेहरा तिच्याखाली आला तर नाकाचे दोन तुकडे होतात. म्हणून आधी पडद्यांच्या रेघा मांडायच्या, चित्र त्यांच्यामधल्या जागांत बसवायचं.

लाकडाच्या बाबतीत गोष्ट भारताशी येऊन मिळते. ब्राझीलची शिसव दुर्मीळ होत गेली तेव्हा मार्टिनने 1969 मध्ये पाठ आणि कडांसाठी भारतीय शिसव घेतली. ब्राझीलच्या शिसवीला 1992 पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक संरक्षण आहे. 2017 मध्ये शिसवीच्या इतर जातींवरही बंधनं आली. तयार वाद्यांना त्यांतून 2019 मध्ये सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवीला नाही. मार्टिनने तर 1918 च्या सुमारासच कडांचा हस्तिदंत सोडून सेल्युलॉइड धरलं होतं. नव्या गिटारीवर आज जे हस्तिदंती दिसतं, ते बहुतेक वेळा हाड किंवा प्लास्टिक असतं.