बिल्ड-वेळेचे आलेख

बिल्ड-वेळेचे आलेख : मेक, निन्जा, ग्रेडल, बाझल यांसारखी बिल्ड साधने (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारी) प्रत्येक कामाला किती वेळ लागला याची जी आकडेवारी देतात, ती चित्ररूपात मांडून दोन बिल्ड शेजारी-शेजारी ताडून पाहण्याची पद्धत. एकूण वेळ टर्मिनलच्या शेवटच्या ओळीत दिसतोच. तो कुठे खर्ची पडला, हे मात्र आलेखाशिवाय सहसा कळत नाही.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिलेल्या मेकमध्ये वेळेची नोंदवही नव्हती. निन्जा ती ठेवतो. तयार झालेल्या प्रत्येक फाइलमागे एक ओळ असते : सुरुवात, शेवट, फाइल बदलल्याची वेळ, फाइलचे नाव आणि आज्ञेचा हॅश (आज्ञेच्या मजकुरावरून काढलेली खूण). पहिले दोन आकडे बिल्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद असतात. ‘मोटर.ओ’ या फाइलपुढे १२०४ आणि ४९८७ असेल, तर ती कंपाइल व्हायला ३७८३ मिलिसेकंद लागले. इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होते. एक, नवे बिल्ड जुन्या नोंदींच्या खालीच लिहिले जाते. ‘शेवट’ या रकान्यातला आकडा आधीच्या ओळीपेक्षा एकदम खाली घसरला, की तिथून पुढचे बिल्ड सुरू झाले असे धरायचे. दोन, एकाच आज्ञेतून चार फाइली निघाल्या तर तोच वेळ चार ओळींत येतो. हॅश पाहून त्या एकत्र केल्या नाहीत, तर बेरीज चौपट फुगते.

ग्रेडलला ‘प्रोफाइल’ हा पर्याय दिला, की अहवाल एचटीएमएलमध्ये मिळतो. त्यात कॉन्फिगरेशन (बिल्डची पूर्वतयारी), डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) शोधणे आणि टास्क (प्रत्यक्ष कामे) यांचे वेळ वेगवेगळे असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे, तर कॉन्फिगरेशन हा मशीनच्या सेटिंगचा वेळ आणि टास्क हा सायकल टाइम, म्हणजे एक जॉब प्रत्यक्ष काढायचा वेळ. एकच जॉब काढायचा असेल तर सेटिंगच भारी पडते. एका ओळीच्या बदलासाठी केलेल्या बिल्डचेही तसेच. टास्क समांतर चालले असतील तर त्यांची बेरीज घड्याळी वेळेपेक्षा जास्त भरते, आणि ती चूक नसते. सी++ साठी क्लँग या कंपाइलरमध्ये ९ व्या आवृत्तीपासून (२०१९) ‘टाइम-ट्रेस’ हा पर्याय आहे. कोणत्या हेडरने (कोडमध्ये ओढून घेतलेल्या फाइलने) वेळ खाल्ला ते त्यात दिसते. रस्ट भाषेच्या कार्गो या बिल्ड साधनात तसाच ‘टायमिंग्ज’ हा पर्याय आहे.

सर्वांत उपयोगी चित्र म्हणजे ट्रेस : आडवा अक्ष वेळेचा, समांतर चालणाऱ्या कामांसाठी एकाखाली एक ओळी आणि प्रत्येक काम म्हणजे एक पट्टी. बाझलची प्रोफाइल फाइल पर्फेटो या ब्राउझरमधल्या ट्रेस-दर्शकात थेट उघडते. आधी पट्ट्यांकडे नव्हे, रिकाम्या जागांकडे पाहावे. समजा ८० सेकंदांच्या बिल्डमध्ये पहिली ५० सेकंद आठही ओळी भरलेल्या आहेत आणि उरलेली ३० एकट्या लिंकरची (तयार तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाची) आहेत. प्रोसेसरचे कोअर दुप्पट केले तरी हिशेब २५ अधिक ३०, म्हणजे फार तर ५५ सेकंदांवर येईल. ४० वर नाही. गुऱ्हाळावर चरक कितीही जोरात फिरवला, तरी काहिलीतला रस आटल्याशिवाय गूळ उतरत नाही, तशातलीच ही गत. ज्या साखळीमुळे शेवट लांबतो तिला निर्णायक मार्ग म्हणतात. त्या मार्गाबाहेरची फाइल कितीही जड असली, तरी ती हलकी करून एकूण वेळ फारसा घटत नाही.

तुलना सर्वाधिक फसते ती परिस्थिती सारखी नसल्यामुळे. सकाळचे पहिले बिल्ड ग्रेडलचा डेमन (पार्श्वभूमीत चालू राहणारी प्रक्रिया) उठवण्यात वेळ घालवते. दुसऱ्यात बरेच टास्क ‘अप-टू-डेट’, म्हणजे पुन्हा करायची गरज नसलेले, निघतात. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, की प्रोसेसरचा वेग अनेकदा उतरतो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या लॅपटॉपचेही तेच. म्हणून चार्जर लावून, त्याच मशीनवर, कॅश (आधीच्या बिल्डमधून साठवलेले काम) एकतर दोन्ही वेळा रिकामी किंवा दोन्ही वेळा भरलेली ठेवून मोजावे. ग्रेडल-प्रोफाइलर हे मोजणीचे साधन डेमनसह मोजताना मुळातच ६ बिल्ड वॉर्म-अपची सोडून देते आणि पुढची १० मोजते.

समजा आधीचा मध्यक ८४ सेकंद आणि नंतरचा ७९ आला. पण आधीची बिल्ड ८० ते ९१ आणि नंतरची ७४ ते ८८ यांमध्ये पसरली आहेत. मग ‘सहा टक्के वेगवान’ असे लगेच जाहीर करू नये. आधी आणखी बिल्ड मोजावीत आणि आलेखात प्रत्येक बिल्डचा ठिपका दाखवावा. अक्ष ७५ पासून सुरू केला, तर ७९ चा स्तंभ ८४ च्या निम्म्याहून ठेंगणा दिसतो. अशा आलेखावर साहेब खूश होतात, पण स्तंभांचा अक्ष शून्यापासूनच हवा.

पर्फेटो फाइल ब्राउझरमध्येच वाचतो, बाहेर पाठवत नाही. ग्रेडलचे सार्वजनिक बिल्ड स्कॅन (बिल्डचा ऑनलाइन अहवाल) मात्र सर्व्हरवर चढते आणि लिंक हाती लागलेल्या कोणालाही दिसते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी मशीनचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मोड्यूलच्या नावांत बरेचदा ग्राहकाचेच नाव असते. तिथे प्रोफाइलचा अहवाल आपल्याच मशीनवर काढलेला बरा.