‘होईल सवय’ का होत नाही?

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘होईल सवय’. दुसरा, ‘जवळ घेऊ नका, लाडावेल आणि आणखी घाबरेल’. दोन्ही चुकीचे आहेत. त्यातला पहिला का चुकीचा, हे मज्जाविज्ञानातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण आहे.

आधी कानाबद्दल. कुत्र्याला सगळंच आपल्या चौपट ऐकू येतं, हा गैरसमज आहे. माणूस 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो, कुत्रा साधारण 67 ते 45,000. म्हणजे खर्जातला ‘धूम’ त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतो असं नाही. रॉकेटची शिट्टी आणि कडकडाटातला तीक्ष्ण भाग मात्र नक्की जास्त बोचतो. त्याहून महत्त्वाचा आहे अचानकपणा. आवाज काही मिलिसेकंदांत टिपेला पोचला, की मेंदूचा विचार करणारा भाग जागा व्हायच्या आत मेंदूच्या देठातूनच स्नायूंना हुकूम सुटतो आणि अंग दचकतं. तेवढाच मोठा आवाज हळूहळू चढत आला तर असा दचका बसत नाही.

आता सवयीकडे येऊ. ग्रोव्हज आणि थॉम्पसन या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलं, की एकच उद्दीपन वारंवार मिळालं की मज्जासंस्थेत दोन प्रक्रिया एकाच वेळी चालतात. एक प्रतिसाद कमी करत नेते, ती सवय. दुसरी तो वाढवत नेते, ती संवेदीकरण. उद्दीपन सौम्य असेल तर पहिली जिंकते. तीव्र असेल तर दुसरी. घड्याळाची टिकटिक पहिल्या गटातली, फटाका दुसऱ्या.

हे पेशीत कसं घडतं ते मज्जावैज्ञानिक एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीत दाखवलं. 2000 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तिच्या नळीला हलकेच स्पर्श करत राहिलं, तर कल्ला आत ओढून घेणं ती हळूहळू थांबवते. शेपटीला विजेचा झटका दिला, तर पुढच्या साध्या स्पर्शालाही कल्ला जोरात आत जातो. झटक्यामुळे सेरोटोनिन हे रसायन सुटतं, स्पर्श टिपणाऱ्या संवेदी पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाटा बंद होतात, विद्युत संदेश लांबतो, जास्त कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीच्या टोकाकडून जास्त रसायन पुढे सांडतं. स्पर्श तोच, उत्तर मोठं! झटके पुन्हा पुन्हा बसले तर पेशींमध्ये नवे जोडही उगवतात.

कुत्र्याचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा, पण चाल ओळखीची आहे. आमचा मोती पहिल्या वर्षी नुसता भुंकला. तिसऱ्या वर्षी पलंगाखाली भिंतीला पाठ लावून धापा टाकत बसला होता, बाहुल्या विस्फारलेल्या, पंजांचे ओले ठसे फरशीवर. दुसऱ्या दिवशी दार आपटलं तरी तो पलंगाखाली पळाला.

आता दुसरा सल्ला. घाबरलेला कुत्रा जवळ येत असेल तर खुशाल येऊ द्या. बक्षिसाने वर्तन वाढतं. भीती ही भावना आहे, कुरवाळल्याने ती ‘शिकली’ जात नाही. लपला असेल तर ओढून काढू नका. आतली खोली, बंद खिडक्या, पडदे, पंख्याचा किंवा संगीताचा संथ आवाज. फिरवणं उजेडातच उरका. घाबरलेला कुत्रा दार किलकिलं दिसलं तरी सुसाट सुटतो, तेव्हा गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच, मायक्रोचिप असेल तर उत्तम. प्रत्येक आवाजानंतर लगेच आवडता घास द्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात हा उपाय करणाऱ्या 70 टक्क्यांहून अधिक मालकांनी तो उपयोगी पडल्याचं सांगितलं. ‘शांत करणारे’ थेंब, गोळ्या, सुगंधी तेलं यांचं यश त्याच पाहणीत एक तृतीयांशाच्या आसपास होतं, म्हणजे मनाच्या समजुतीने जेवढं वाटतं तेवढंच. त्यावर पैसे उधळू नका.

भीती टोकाची असेल तर पशुवैद्याकडे जा, आणि सणाच्या बरंच आधी जा. डेक्समेडेटोमिडिन या औषधाची हिरडीला लावायची जेल मेंदूतलं सतर्कता वाढवणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी करते. अमेरिकेत ती आवाजाच्या भीतीसाठी मान्य आहे. याउलट एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध नुसतं दिलं तर कुत्रा गुंगून पडतो, पण आतून तितकाच घाबरलेला राहतो. माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका.

सवय लावायचीच असेल तर ती सौम्य टोकाकडून, सणाआधी काही महिने. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावायचं, सोबत खाऊ. कान मागे पडले, ओठ चाटू लागला, की आवाज जास्त झाला, परत खाली यायचं. आम्ही सध्या फोनच्या तिसऱ्या रेघेवर आहोत. मोती मान वर करतो, घास घेतो आणि पुन्हा पंजावर हनुवटी टेकतो.